ओरडणाऱ्या मुलींचं पुस्तक

आमच्या वर्तमानपत्रात माझी बायको पॉप संगीतावर लिहायची आणि मी खेळावर. दोघांची टेबलं एकाच हॉलच्या दोन टोकांना. माझ्याकडे कुणी आलं की विचारायचं, "काय साहेब, रविवारी कोण जिंकणार?" तिच्याकडे आलं की विचारायचं, "अजून चालतो का हो तो धांगडधिंगा?" ऑफिसात तिचं नाव ‘पॉपबाई’ पडलं होतं. जागा कमी पडली की संपादक आधी तिच्या मजकुराला कात्री लावायचे, मग भविष्याला. भविष्य कापलं की वाचकांचे फोन यायचे. तिचं कापलं की कुणाचा यायचा नाही.

तिची दोन पुस्तकं निघाली होती. पहिलं, माणसं घरात फोनसमोर नाचतात आणि ते साऱ्या जगाला का दाखवतात, यावर. दुसरं, एखादं गाणं रेकॉर्डिंगच्या खोलीतून निघून दुकानातल्या लिफ्टपर्यंत कसं पोचतं, यावर. दोन्ही मला मनापासून आवडली होती. नवरा म्हणून सांगत नाही; खेळावर लिहिणारा माणूस उगाच कौतुक करत नाही, त्याला गुणफलकाकडे बघून बोलायची सवय असते. पण गुणफलक काही बरा नव्हता. आमच्या साहित्य पुरवणीचे ज्येष्ठ समीक्षक होते. एखादं वाक्य पटलं नाही की ते चष्मा काढून बोलणाऱ्याकडे बघत राहायचे, म्हणून आम्ही त्यांना मागून ‘चष्मा’च म्हणायचो. त्यांनी दुसऱ्या पुस्तकावर एवढंच लिहिलं: "लेखिकेची शैली प्रवाही आहे. विषयाला मात्र तळ नाही."

तिने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं.

"प्रवाही म्हणालेत ना," ती म्हणाली, "मग पुरात तळ कशाला दिसेल?"

हसली खरी, पण त्यानंतर बरेच महिने नव्या पुस्तकाचं नाव काढलं नाही.

मग एक दिवस संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी एका सामन्याचं पान दाखवायला तिथेच उभा होतो.

"त्या चौघांच्या कार्यक्रमाला यंदा पस्तीस वर्षं होतायत," संपादक म्हणाले. "आठवणींचं एक टिपण दे. छोटंसं. फोटो आपल्याकडे आहेच, तोच मोठा लावू."

‘चौघं’ म्हणजे त्या काळी सगळ्या शहराला वेड लावणारा बँड. मधला गाणारा कुरळ्या केसांचा होता, त्याला सगळे कुरळ्याच म्हणायचे. संपादकांनी पडद्यावर फोटो उघडला. त्यात कुरळ्या नव्हता. एक मुलगी होती. केस विस्कटलेले, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, गालांवर पाणी. दोन रखवालदारांनी तिला दोन्ही दंडांना धरलेलं. खाली आमच्याच वर्तमानपत्राने पस्तीस वर्षांपूर्वी छापलेली ओळ: ‘वेडाचा झटका.’

"हा फोटो लावायचा नाही," माझी बायको म्हणाली.

"का? आपल्या संग्रहातला सगळ्यात गाजलेला फोटो आहे!"

"ही माझी ताई आहे."

संपादकांचा हात माउसवरच राहिला.

मला हे ठाऊक होतं. लग्नाआधी तिने सांगितलं होतं, आणि सांगताना दार लावून घेतलं होतं. ताई तेव्हा सतरा वर्षांची, वर्गात पहिली येणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो पहिल्या पानावर आला. शेजारची मुलं जिन्यात तोंड वासून, डोळे मिटून तिची नक्कल करायची. कॉलेजात कुणीतरी तो फळ्यावर लावला. वडिलांनी तिला मारलं नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त बोलणं टाकलं. घरात त्या दिवशीपासून अळीमिळी गुपचिळी. ताईने केस कापले, कॅसेटी कुणालातरी देऊन टाकल्या आणि त्यानंतर ती कधी गुणगुणलीसुद्धा नाही.

"फोटो नाही लावत," संपादक शेवटी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "पण टिपण तरी देशील?"

"टिपण नाही. पुस्तक लिहिणार आहे. चौघांवर नाही, समोर उभ्या होत्या त्या मुलींवर."

"ओरडणाऱ्या पोरींवर पुस्तक? अगं, वाचणार कोण?"

"ओरडणाऱ्या पोरीच वाचतील. आता त्या मोठ्या झाल्यात. स्वतःच्या पैशाने पुस्तकं घेतात."

बोलली खरी, पण घरी आली ती चेहरा पाडून. विषय हातात होता, दोरा सापडत नव्हता. मी टीव्हीवर सामना बघत होतो. तिने दोन कप चहा आणला आणि स्वतःचा कप हातात धरून उभीच राहिली. पडद्यावर प्रेक्षक दिसत होते. तोंडाला रंग फासलेला एक टकला गृहस्थ, चांगला पन्नाशीचा, शेजारच्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होता.

"याला काय झालं?"

"जिंकले ना त्याचे."

"याला कुणी वेडा म्हणतं का रे?"

"छे. याला निष्ठावंत म्हणतात," मी म्हणालो. "मीच म्हणतो. दर सोमवारी, तीन कॉलम."

तिच्या हातातून कप निसटला. मी तो झेलला. ती आत गेली. रात्रीच्या जेवणाला मी हाक मारली तेव्हा पहिलं प्रकरण अर्धं झालं होतं.

नंतर ती रेडिओवरच्या एका ओळखीच्या निवेदिकेकडे गेली. सकाळच्या कार्यक्रमात निवेदिकेने सांगितलं, की चौघांच्या त्या कार्यक्रमाला जी कुणी पुढच्या रांगांत होती, तिने या नंबरवर फोन करावा. त्या दिवसापासून आमच्या घरातला फोन म्हणजे स्टेशनवरची घंटा झाला. मी दाढी करताना फोन, आंघोळीला गेलो की फोन. एकदा मी उचलला तर पलीकडून एक भारदस्त आवाज: "मी न्यायालयातून बोलतेय." मी मनातल्या मनात वकील शोधायला लागलो. एका खेळाडूवर जरा जास्तच लिहिलं होतं. "न्यायाधीश आहे मी," आवाज म्हणाला. "तिसऱ्या रांगेत होते. सँडल हरवली होती."

अशा कितीतरी. एक शहर बस चालवणारी, एक भूल देणारी डॉक्टर, एक पाळणाघरवाली, एक बँकेतली, एक नुकतीच आजी झालेली. माझी बायको प्रत्येकीला जाऊन भेटली. कुणाच्या स्वयंपाकघरात बसली, कुणाच्या डेपोत. भूलवाल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आम्हाला हळू बोला, हळू हसा, हळू चाला असंच शिकवलेलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुढे वॉर्डात सिनियर डॉक्टरांसमोर तोंड उघडायची वेळ आली, तेव्हा तो सापडला, कारण तो आहे हे माहीत होतं."

आणि सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या वर्तमानपत्रात कधी छापूनच आली नव्हती. कार्यक्रमाच्या ऐन रंगात स्पीकर बंद पडले होते. मंचावर चौघं तोंडं हलवत होते, वाजवत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. दुसरी गर्दी असती तर शिट्ट्या मारल्या असत्या, बाटल्या फेकल्या असत्या. या मुलींनी गाणं उचललं. मैदानभर मुली गात राहिल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि कुरळ्या गिटार खाली सोडून नुसता ऐकत उभा राहिला.

"कळलं का तुला?" बायको मला म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "त्या दिवशीची सर्वांत मोठी बातमी हीच होती. आणि आपल्या माणसांनी काय आणलं? ‘वेडाचा झटका’!"

सगळ्या भेटल्या, फक्त ताई राहिली होती.

ताईची स्वतःची गाडी शिकवायची शाळा आहे. छपरावर पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी, आणि तिच्या बाजूलाही एक ब्रेक. शिस्त अशी, की निम्मं शहर तिच्या धाकाने वेळेवर हात दाखवतं. मला ती ‘पंच’ म्हणते, बायकोला ‘छोटी’. बायको तिला भेटायला गेली आणि सरळ गाडीत शिकाऊ माणसाच्या सीटवर बसली. तिथून पळता येत नाही, असं तिचं म्हणणं.

"माझं नाव पुस्तकात आलं तर बघ, छोटी," ताई म्हणाली. "आरशात बघ. काय दिसतं?"

"मागचा रस्ता."

"मागे बघून कुणी गाडी चालवतं का?"

"पण आरसा काढूनही कुणी टाकत नाही ना, ताई?"

ताईने पट्टा ओढून लावला. मग म्हणाली, "हँडब्रेक काढ. निघ आता."

बायकोने शब्द दिला: तुझं नाव नाही, तुझा फोटो नाही, तुझी गोष्ट नाही. पण लिहून झाल्यावर पानांचा गठ्ठा तिच्या दारात नेऊन ठेवला. "वाच. नको म्हणालीस तर छापणार नाही. अख्खंच."

कितीतरी दिवस काही उत्तर नाही. बायको उठता-बसता फोनकडे बघायची. मी एकदा म्हणालो, "मी विचारू का?" तर म्हणाली, "पंचाने मध्ये बोलायचं नसतं." शेवटी एका दुपारी ताईचा एक शिकाऊ विद्यार्थी गठ्ठा दारात देऊन गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. बायकोने उभ्याउभ्या पान न् पान उलटलं. कुठेच काही नाही. आणि मग कार्यक्रमात कोणकोणती गाणी झाली त्या पानावर, समासात, ताईचं ठाशीव अक्षर: ‘चौथं आणि पाचवं उलट झालंय. शेवटचं दोनदा म्हटलं होतं.’

बायको तिथेच पायरीवर बसली. त्या वेळी घरात एकाच तिकिटाची सोय होती. ताई निघताना नऊ वर्षांच्या छोटीला सांगून गेली होती: रडू नकोस, सगळी गाणी क्रमाने लक्षात ठेवीन आणि उद्या तुला सांगेन. उद्या उजाडला तो फोटो घेऊन, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता पस्तीस वर्षांनी बायको त्या पायरीवर बसून ती गाणी क्रमाने म्हणत होती, रडत होती आणि मध्येच हसत होती. शेजारीण डोकावून गेली. मी हातानेच सांगितलं, सगळं ठीक आहे.

आता राहिले प्रकाशक. आम्ही त्यांना काका म्हणतो. दोन खोल्यांचं ऑफिस, एका खोलीत न खपलेली पुस्तकं, दुसऱ्या खोलीत काका. त्यांनी पुस्तक एका बैठकीत वाचलं, डोळे पुसले आणि व्यवहाराला आले.

"मुखपृष्ठावर तोच फोटो हवा. दुकानात चार हातांवरून दिसेल."

"तो मिळणार नाही, काका."

"बरं. मग कुरळ्याला बोलावू प्रकाशनाला. मी त्याच्या मॅनेजरशी बोललोय. यायला तयार आहे. अट एवढीच, की पुस्तकाच्या नावात त्याचं नाव हवं आणि पहिल्या दोन रांगा त्याच्या पाहुण्यांना."

"काका, पुस्तकच पहिल्या रांगेवर आहे. ती मी त्याच्या पाहुण्यांना देऊ?"

"अगं, फोटो नाही, कुरळ्या नाही, तर येणार कोण? मी खुर्च्यांना पुस्तक विकू का?"

"मग नका छापू," बायको म्हणाली आणि गठ्ठा उचलला.

काकांनी तिला दारापर्यंत जाऊ दिलं. तिथून परत बोलावलं. तसे ते नेहमीच करतात, पण या वेळी त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "छापतो. थोड्या प्रती काढतो. हॉल मात्र वाचनालयाचा छोटा. आणि अध्यक्ष मी ठरवणार. दुसरं कुणी मोकळं नाही, तुमचे ते समीक्षकच येतील."

म्हणजे चष्मा. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

प्रकाशनाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही लवकरच पोचलो. हॉलमध्ये साठेक खुर्च्या मांडलेल्या. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. काकांनी मागच्या दोन रांगा उचलून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. म्हणाले, रिकाम्या खुर्च्या फोटोत वाईट दिसतात. बायको नवा निळा ड्रेस घालून आली होती आणि सारखी हाताची नखं बघत होती.

"ताई येणार नाही," ती म्हणाली. "तिची शिकवायची वेळ आहे. मी बोलावलंही नाही फारसं."

आधी न्यायाधीश बाई आल्या, दोन मैत्रिणींना घेऊन. मग भूलवाल्या डॉक्टरीण बाई, त्यांच्याबरोबर रजेवर असलेली अख्खी शिफ्ट. मग बसवाल्या बाई आल्या. त्यांनी डेपोतून एक बसच आणली होती. रीतसर भाड्याने घेतलेली, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्या बसमधून बायका उतरतच होत्या, उतरतच होत्या. काकांनी धावत जाऊन मागच्या रांगा पुन्हा मांडल्या. त्या भरल्या. मग बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जिना भरला. मुंगीला शिरायला जागा उरली नाही, तेव्हा ग्रंथपाल चिडून बाहेर आले, त्यांनी गर्दीकडे बघितलं आणि शेजारच्या वाचनकक्षाची दोन्ही दारं सताड उघडून दिली.

चष्मा बोलायला उभे राहिले. माणूस मुळात अभ्यासू, पण गर्दी बघून गडबडलेला.

"लेखिकेची शैली नेहमीप्रमाणे प्रवाही आहे," त्यांनी सुरुवात केली. मागे कुणीतरी खुसखुसलं. "परंतु मला एक प्रश्न पडतो. कलेचा आस्वाद शांतपणे घ्यायचा असतो. किंचाळायला संगीत कळावं लागत नाही. तारुण्याच्या भरात मुली एखाद्या देखण्या तरुणासाठी रडतात, यात समजून घेण्यासारखं ते काय? आपणा सर्वांना तो प्रसिद्ध फोटो आठवत असेल—"

"मला आठवतो."

आवाज दारातून आला. चढा नव्हता, पण तो आवाज ऐकून मी नकळत पाय ब्रेकवर दाबल्यासारखा जमिनीवर दाबला. ताई उभ्या होत्या. हातात गाडीची किल्ली, गळ्यात शाळेचं ओळखपत्र.

"त्या फोटोतली मुलगी मी आहे," ताई म्हणाल्या.

हॉलमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. माझ्या बायकोचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिने तो असा आवळला, की मला हूं की चूं करता येईना.

"मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, सगळ्यांना आधीच माहीत होतं ना," ताई म्हणाल्या. "साहेब, मी कुणा देखण्या तरुणासाठी रडत नव्हते. मला तर त्यातला ड्रमवाला आवडायचा, आणि तो काही देखणा नव्हता." बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत. "स्पीकर बंद पडले होते. तो फोटो तेव्हाचा आहे. कुरळ्याचा आवाज येत नव्हता, आमचाच येत होता. मी डोळे मिटले, तर माझ्या भोवती सगळं मैदान गात होतं. आयुष्यात कधी मी इतक्या जणींबरोबर एका सुरात नव्हते. त्या आनंदाने रडू आलं. रखवालदारांना वाटलं पोरगी बेशुद्ध पडतेय, त्यांनी धरलं. आणि फोटोवाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. माझं तोंड उघडं आहे, कारण मी गात होते. फोटोला आवाज नसतो, साहेब. म्हणून खाली कुणीही काहीही लिहू शकतं."

चष्म्यांनी चष्मा काढला. पण या वेळी ते बघत राहिले नाहीत. मान खाली घालून काचा पुसायला लागले.

पहिला सूर कुणी लावला ते आजही नक्की नाही. बसवाल्या बाई म्हणतात जिन्यातून आला, न्यायाधीश बाई म्हणतात त्यांनीच लावला. मी शपथेवर सांगतो, मला तो ताईंच्या दिशेने ऐकू आला. बघता बघता अख्ख्या हॉलने गाणं उचललं. वाचनकक्षातल्या गायल्या, जिन्यातल्या गायल्या, रस्त्यावर उभ्या होत्या त्या खिडकीखाली गायला लागल्या. काही जणी गात होत्या, काही चक्क किंचाळत होत्या, जशा सतराव्या वर्षी किंचाळल्या असतील तशाच, आणि आता त्यांना कोण अडवणार होतं? ‘शांतता राखा’च्या पाटीला पाठ टेकून ग्रंथपाल बोटांनी ताल धरत होते. काका पुस्तकांच्या टेबलामागे उभे राहून डोळे पुसत होते आणि त्याच हाताने पुस्तकं विकत होते.

बायको माझ्या शेजारून उठली. गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेली. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. मिठी वगैरे मारली नाही. त्या घरात तशी पद्धतच नाही. ताईंनी फक्त तिच्या ड्रेसची कॉलर नीट केली आणि गाणं पुढे म्हणत राहिल्या. बायकोही म्हणायला लागली. शेवटचं कडवं झालं तेव्हा ताईंनी हात वर केला आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दोनदा, जसं तेव्हा म्हटलं होतं.

सगळं शांत झाल्यावर चष्मा पुन्हा माइकपाशी आले. घसा खाकरला.

"मी हे पुस्तक अर्धंच वाचून आलो होतो," ते म्हणाले. "मला ते पहिल्या पानापासून वाचायला हवं."

"मोठ्याने वाचा!" मागून एक बाई ओरडली, आणि हॉल पुन्हा हसण्यात बुडाला. त्यात तेही हसले. प्रामाणिकपणा मानायला हवा. माणसाने पुढे खरोखर वाचलं आणि पुरवणीचं अख्खं पान लिहिलं. त्यात ‘प्रवाही’ हा शब्द एकदाही नव्हता.

त्या संध्याकाळी एकही प्रत उरली नाही. काकांनी आमच्यासाठी राखून ठेवलेली प्रतसुद्धा विकली. दुसरी आवृत्ती छापायला टाकली, मग तिसरी. आणि मागच्या खोलीत पडून असलेली तिची पहिली दोन पुस्तकंही हळूहळू हलायला लागली. ‘विषयाला तळ नाही’ असं ज्याच्याबद्दल लिहून आलं होतं, ते लिफ्टमधल्या गाण्यांचं पुस्तक एका महाविद्यालयाने अभ्यासाला लावलं. लोक आता आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये शिरले की सरळ तिच्या टोकाला जातात. मला म्हणतात, "पॉपबाई कुठे बसतात हो?" मी खेळाचा संपादक असूनही बोटाने दिशा दाखवतो.

आणि आमच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर चौकट छापली. संपादकांनी ती स्वतः लिहिली, चार वेळा खोडून. पस्तीस वर्षांपूर्वी छापलेल्या एका फोटोखालची ओळ चुकीची होती. त्या फोटोतली मुलगी गात होती. तिची आणि त्या मैदानातल्या सर्व मुलींची आम्ही माफी मागतो. फोटो सोबत छापला, ताईंना विचारून. ताईंनी ती चौकट गाडीच्या काचेवर आतून चिकटवली. नवा शिकाऊ विद्यार्थी बसला की आधी ती वाचायला लावतात. म्हणतात, "ओळ वाचण्याआधी नीट बघायची सवय लाव. रस्त्यावरही तेच."

बायकोचं चौथं पुस्तक सुरू झालंय. आता कोणत्या तरी पाच मुलींचा एक बँड आहे, त्यांच्यासमोर आजच्या पोरी काय करतात, कशा गातात, एकमेकींना कशा शोधतात, यावर. परवा त्यांचा कार्यक्रम होता. ती दोन तिकिटं घेऊन ताईंकडे गेली. मला वाटलं, ताई नाही म्हणतील. त्यांनी संध्याकाळचे धडे पुढे ढकलले.

मी दोघींना मैदानाच्या फाटकाशी सोडलं. माझ्याकडे तिकीट नव्हतं. फाटकाबाहेर मुलींना आणायला आलेले बाप गाड्यांना टेकून उभे होते. मीही उभा राहिलो. आतून पहिल्या गाण्याचे सूर आले आणि त्यावर आवाजाची अशी लाट उसळली, की मी आजवर अंतिम सामन्यांतसुद्धा तसली ऐकली नव्हती. शेजारच्या बापाने कानात बोटं घातली.

"तुमचीही मुलगी आत आहे का?" त्याने ओरडून विचारलं.

"नाही," मी ओरडून सांगितलं. "बायको. आणि मेहुणी."

त्याने कानातली बोटं काढली आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, आयुष्यात मी इतक्या ऐटीत कुठे उभा राहिलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ताईंचा घसा पार बसला होता. सगळे धडे त्यांनी हातवाऱ्यांनी दिले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं म्हणणं असं, की इतकं छान त्यांनी याआधी कधी शिकवलं नव्हतं.